उंबऱ्यावरचं अंडं

आमच्या घरात अंडं आलं ते विज्ञानाच्या वाटेनं. दुसऱ्या कुठल्या वाटेनं येणं त्याला शक्यच नव्हतं. घर माळकरी. आषाढीला पंढरपूर, एकादशीला भगर, आणि जेवताना भाजीत चुकून काही दिसलं तर आधी चष्मा लावून खात्री करायची, असला प्रकार. आता विट्यात राहून अंड्यापासून लांब राहायचं म्हणजे कोल्हापुरात राहून कुस्ती न बघण्यासारखं आहे. यंत्रमागांचा खडखडाट मागं पडला की पोल्ट्रीच्या शेडी लागतात. वारा फिरला की शेडी दिसण्याआधीच लागतात. तरीसुद्धा आमच्या घरी तीन पिढ्यांत अंड्यानं उंबरा ओलांडलेला नव्हता.

माझी नात आठवीत आहे. एक दिवस शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आबा, मला एक अंडं पाहिजे."

मी सोप्यात पेपर वाचत होतो. असल्या प्रसंगी माणूस पेपर खाली ठेवतो. मी तो आणखी वर धरला. आत माजघरात काहीतरी पितळी वस्तू खाली पडली.

"खायला नाही हो. परासरणाला पाहिजे."

सौभाग्यवती बाहेर आल्या. "पारायणाला अंडं? कुठल्या मेल्यानं सांगितलं?"

पारायण आणि परासरण यातला फरक समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली. त्या फरकातलं मलाही फारसं कळत नव्हतं, पण नातीच्या बाजूनं उभं राहणं भाग होतं. शेवटी तह झाला. अंडं सोप्यातल्या कोनाड्यात राहील, माजघराचा उंबरा ओलांडणार नाही, ज्या भांड्यात राहील ते भांडं परत आत येणार नाही, आणि आणायला मी जायचं.

पोल्ट्रीवाले बापू माझ्या चांगल्या ओळखीचे. मी म्हटलं, "बापू, एक अंडं पाहिजे."

"एक?" बापूंनी माझ्याकडं करुणेनं पाहिलं. "आबा, आमच्याकडं एक अंडं मोजायला माणूस न्हाई. तिसाचा ट्रे न्या की."

"नातीच्या शाळेत प्रयोग आहे."

"पहिल्यांदा समदी आसंच म्हणत्यात," बापू म्हणाले आणि पैसे घेतले नाहीत. ते अंडं मी कोथिंबिरीच्या जुडीखाली लपवून भर बाजारातून घरी आणलं. वाटेत दिंडीतले दोघे भेटले आणि "काय आबा, कोथिंबीर काय भाव?" म्हणून पिशवीत हात घालायला लागले. त्या क्षणी माझी जी अवस्था झाली, ती कुठल्याही द्रावणात कुठल्याही पेशीची होत नसेल.

प्रयोग असा होता. अंड्याचं टरफल म्हणजे बहुतेक सगळा कॅल्शियम कार्बोनेट, आपला खडूच. अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की टरफल विरघळतं आणि आतलं पातळ कातडं तेवढं राहतं. शेजारचे तात्या हे ऐकून भिंतीवरून डोकावले. तात्यांनी तीस वर्षं दक्षिणेत गलाईचं दुकान चालवलेलं, म्हणजे सराफांकडचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं. "टरफलच घालवायचं ना?" तात्या म्हणाले. "आमच्याकडचं ॲसिड देतो. टरफल काय, पाच मिनिटांत अंडंबी न्हाई आन् गिलासबी न्हाई."

आम्ही किराणा दुकानातल्या व्हिनेगरवरच भागवलं. अंड्याच्या अंगावर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे आले, वरचा थर साय धरल्यासारखा सुटत गेला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातीनं ते नळाखाली अलगद चोळलं तर हातात एक मऊ, थुलथुलीत, रबरी चेंडू. उजेडात धरला की आत बलक कंदिलासारखा दिसायचा. तात्यांनी ॲसिडाची भरपाई म्हणून सोनं तोलायचा काटा आणून दिला. मूळ अंडं ५५ ग्रॅम होतं, ते ७५ भरलं. मग नातीनं ते साध्या पाण्यात ठेवलं. सकाळी ८३! टरफल गेलं आणि वजन वाढलं. पेन्शनीत निघाल्यावर माझंही नेमकं असंच झालं होतं.

"असं का झालं, सांगा," नात म्हणाली. मी सांगू शकलो नाही, तेव्हा तिनं पुस्तक उघडलं. आमच्या वेळी विज्ञानाचं पुस्तक मराठीत होतं. तिचंही मराठीतच आहे असं ती म्हणते. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा पातळ असेल तर ते अवपरासारी द्रावण. बाहेरचं दाट असेल तर अतिपरासारी. दोन्ही बाजूंनी सारखं असेल तर समपरासारी. ही तीन नावं मी तिघी जावांसारखी पाठ केली. थोरली ओढून घेते, धाकटी फुगवून ठेवते, मधली कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाण्याचा स्वभाव मात्र एकच. पातळाकडून दाटाकडं जायचं. ज्या बाजूला मीठ, साखर, काहीबाही विरघळलेलं जास्त, त्या बाजूला पाणी निघालं. मधल्या कातड्यातून साखर जाऊ शकत नाही म्हणून साखरेच्या भेटीला पाणीच जातं.

तात्या म्हणाले, "मग आमी काय केलं? हितं पैसा पातळ, तिकडं दाट. निघालो." खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत पसरली आहेत, त्याची कारणं अनेकांनी अनेक दिली असतील, इतकं स्वच्छ कारण मी प्रथमच ऐकलं.

हे सगळं चालू असताना सौभाग्यवती उंबऱ्याच्या आत बसून काकडी चोचवत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "म्हणजे पाणी सुटतं तेच ना?"

आम्ही गप्प झालो.

"कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. म्हणून तर पानं वाढताना घालायचं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की सकाळी खार सुटलेला असतो. लोणच्याला बुरशी येत नाही ती का? तिचंपण पाणी सुटत असणार. ह्याला अंडं कशाला पाहिजे होतं?"

चाळीस वर्षं ही बाई परासरण करत होती आणि आम्ही त्याला स्वयंपाक म्हणत होतो. नातीनं मुकाट्यानं वहीत लिहून घेतलं. मी मोठेपणा राखायला म्हणून जेवताना माहिती दिली की, हा शोध १७४८ साली नोले नावाच्या एका फ्रेंच पाद्र्यानं लावला. त्यानं डुकराचं मूत्राशय घेतलं, त्यात मद्यार्क भरला आणि ते पाण्यात बुडवून ठेवलं, तर ते तट्ट फुगलं. हे सांगायला मी जेवणाची वेळ निवडायला नको होती. निदान पाद्र्याला अंडं तरी सुचायला हवं होतं, असं सौभाग्यवतींनाही त्या वेळी वाटून गेलं असावं.

आमच्या जिल्ह्यात हा धडा शिकायला खरं तर शाळेत जायला नकोच. तासगावकडं द्राक्षातलं पाणी उडवून बेदाणा करतात. तोच बेदाणा रात्री वाटीत भिजत घाला, सकाळी पुन्हा द्राक्षाचं सोंग घेऊन बसतो. आणि वाळव्याकडं माझे एक आतेभाऊ आहेत. कृष्णेकाठची काळी जमीन, पाण्याला तोटा नाही. उसाला पाणी पाजत गेले, पाजत गेले, आणि निचरा न झाल्यानं जमिनीतलं मीठ वर आलं. आता शेतात पांढरा थर आणि पाण्यात उभा असलेला ऊस पिवळा. बाहेरचं पाणी मुळातल्या रसापेक्षा खारट झालं, की मुळाला ते ओढून घेता येत नाही. पाण्यात उभं राहून पीक तहानेनं मरतं. "तुमच्याकडं पानी नव्हतं म्हणून माणसं गेली," आतेभाऊ मला म्हणाले होते, "आमच्याकडं पानी हाय म्हणून जमीन गेली." टेंभू योजनेचं पाणी आता आमच्याही तालुक्यात आलं आहे, तेव्हापासून मला त्यांचं हे वाक्य अधूनमधून आठवतं.

नातीनं एक दुरुस्ती केली, तीही सांगायला हवी. अंड्याचं हे कातडं म्हणजे खरं पेशीचं पटल नव्हे. ही नुसती बारीक चाळणी. खरं पटल ह्याच्याहून हजारो पट पातळ, सात-आठ नॅनोमीटर जाडीचं. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेन्डेल या दोघांनी तांबड्या पेशींवरून ताडलं की, ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं आहे. पुढं सिंगर आणि निकोल्सन यांनी दाखवलं की, ते भिंतीसारखं घट्ट नाही, तेलाच्या तवंगासारखं हलतं, आणि त्यात प्रथिनं तरंगत असतात. हीच प्रथिनं दारं आणि हेच दारवान. पाण्याचं स्वतःचं वेगळं दार असतं. ते पीटर ॲग्री यांना सापडलं आणि २००३ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. त्या दारातून पाण्याचे रेणू एकामागोमाग एक, वारीतल्यासारखे रांगेनं जातात, आणि रांग असूनही सेकंदाला अब्जावधी. पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन् तास उभं राहिलेल्या माणसाला हा आकडा लागतो. पुस्तक ह्या पटलाला 'निवडक्षम पारपटल' म्हणतं. काहींना आत घेणार, काहींना उंबऱ्यावरून परत.

हे ऐकताना मला माझी आजी दिसायला लागली. म्हणजे नातीची खापरपणजी. सोप्याच्या आणि माजघराच्या मधोमध, उंबऱ्याला टेकून ती जन्मभर बसलेली. कुणाला अंगणातूनच वाटी लावायची, कुणाला सोप्यात घोंगडं टाकायचं, कुणाला आत चुलीपाशी बोलवायचं, हे तिच्या एका नजरेनं ठरायचं. तिच्या त्या निवडीत न्याय होता असं मी म्हणणार नाही. मोठा झाल्यावर त्यातल्या कित्येक गोष्टींची लाज वाटली. पेशीला निदान जगण्यासाठी निवडावं लागतं. पण निवडक्षम म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी कळलं ते तिच्यामुळं.

सिंगर-निकोल्सनचा तो लेख छापून आला १९७२ साली. नातीनं हे साल वाचलं आणि मी उगाच चष्मा पुसायला घेतला. १९७२ साली आमच्याकडं जो दुष्काळ पडला, तो ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. विहिरींचे तळ दिसत होते, रोजगाराला माणसं खडी फोडत होती, घरात तांबडी मिलो आणि पोरांना सुकडी. मी चौदा वर्षांचा. टँकरचं पाणी आणायचं काम माझं. ते पाणी कुठलं, कसलं, हे विचारायची सोय नव्हती. त्या पाण्यानं माझा तीन वर्षांचा धाकटा भाऊ पडला. जुलाब आणि उलट्या. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची.

आणि आजीनं पाणी बंद केलं.

तिचा दोष म्हणावा तर तो एकटीचा नव्हता. सगळ्या गावाचं तेच शास्त्र होतं. पोटात पाणी गेलं की जुलाब वाढतो. सहा वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण अशीच आजारी पडली होती. ती दोन दिवस पाणी मागत होती. आजी ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसायची, स्वतः रडायची, पण घोटभर द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीचं मागणं थांबलं.

ह्या वेळी वडिलांनी पोराला खांद्यावर टाकलं आणि गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. मागोमाग आई, आजी, मी. डॉक्टरांनी भिंतीतल्या खिळ्याला काचेची बाटली उलटी टांगली आणि नळीची सुई भावाच्या पायात घातली. आजी हबकली. "मी तोंडानं घोटभर देऊ न्हाई म्हंतीय, आन् ह्यो शिरंतनं बाटलीभर घालतोय!"

वडिलांचा स्वभाव व्यवहारी. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, बाटलीत काय असतं?"

"मीठ आणि पाणी."

"मीठ आन् पाणी?" वडिलांचा चेहरा पडला. मनातल्या मनात त्यांनी बिल आणि मिठाचा भाव यांची सांगड घालून पाहिली असावी. "मग नुसतं पाणी का न्हाई घालत?"

तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला समजलं नाही. आता अंड्यासमोर बसून समजलं. लिटरला नऊ ग्रॅम मीठ घातलं की, ते पाणी रक्तातल्या पेशींच्या तोलाचं होतं. समपरासारी, म्हणजे मधली जाऊ. नुसतं पाणी शिरेत सोडलं तर तांबड्या पेशी आमच्या अंड्यासारख्या फुगतील, फुगतील आणि फुटतील. मीठ जास्त झालं तर बेदाण्यासारख्या सुकतील. चिमूटभर इकडंतिकडं.

मग डॉक्टर आजीकडं वळून म्हणाले, "आजी, पोर जुलाबानं मरत नाही. अंगातलं पाणी संपल्यानं मरतं."

ते चांगल्या मनानं बोलले. त्यांना काय माहीत? आई दारात उभी होती. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला आणि ती बाहेर गेली. आजी काही बोलली नाही. रात्रभर त्या बाटलीखाली बसून नळीतले थेंब बघत राहिली. भाऊ वाचला. आता तो साठीच्या दारात आहे आणि पाण्याऐवजी चहा पितो.

पुढची गोष्ट मला फार उशिरा कळली. आमच्याकडं हे चाललं होतं त्याच्या वर्षभर आधी, १९७१ साली, बंगालच्या सीमेवर बनगावला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला होता. डॉ. दिलीप महलानबीस तिथं होते. बाटल्या संपल्या, तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंप भरली आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पेल्यानं पाजत राहा. आधी शंभरातले तीसएक जात होते. पाजलेल्यांतले चारच्या आत. १९७८ साली 'लॅन्सेट'नं ह्या उपायाला शतकातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांच्या रांगेत बसवलं. महलानबीस २०२२ साली वारले, आणि पद्मविभूषण मिळालं २०२३ साली. आपल्याकडं सन्मानाच्या दारालाही बराच निवडक्षमपणा आहे.

ह्या उपायातली गंमत पुन्हा दारातच आहे. कॉलऱ्यानं आतड्याची बाकीची व्यवस्था उलटीपालटी झालेली असते, पण एक दार शाबूत राहतं. त्या दारानं मीठ आणि साखर जोडीनंच आत जातात; सत्यनारायणाच्या पूजेला बसावं तशी. एकट्या मिठाला तिथं पाट नाही, एकट्या साखरेला नाही. जोडपं आत गेलं, की मागून पाणी आपल्या स्वभावानं जातं.

ऐंशीच्या दशकात गावात आरोग्यसेविका पुड्या घेऊन यायला लागल्या, आणि पुडी नसेल तर घरी काय करायचं ते शिकवायला लागल्या. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. पहिल्याच दिवशी आजी पुढं जाऊन बसली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं चमचा मागून घेतला, साखर भरली आणि बोटानं सपाट करून दाखवली. "आसं?" सेविका म्हणाल्या, "असंच. मीठ मात्र जास्त नको, जास्त झालं तर उलट पाणी ओढून घेतं." त्या दिवसापासून उंबऱ्यावर बसणारी ही बाई उंबरा सोडून गावभर हिंडायला लागली. जिथं पोर आजारी, तिथं डॉक्टरच्या आधी आजी आणि तिचा तांब्या. ज्यांना ती एके काळी अंगणातून पाणी वाढायची, त्यांच्याही घरात जाऊन चुलीपाशी बसायची आणि पोराला मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पाजायची. कुणी सुनेनं ढीग भरून मीठ घातलं की ओरडायची, "सपाट म्हंजे सपाट!" बहिणीचं नाव तिनं कधी घेतलं नाही. तो तांब्या मात्र ती स्वतःच घासायची, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

अजूनही आमच्याकडं "डॉक्टर, एक सलाइन लावाच" असं म्हणणारी माणसं आहेत. पुडीनं भागण्यासारखं असलं तरी बाटली टांगल्याशिवाय त्यांना आजारी पडल्याचं समाधान मिळत नाही.

तर अंडं. तिसऱ्या दिवशी नातीला ते साखरेच्या दाट पाकात ठेवायचं होतं. पाक करणार कोण? मला चहा येतो. नात उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. सौभाग्यवती तिला काही बोलल्या नाहीत. त्यांनी आत पातेलं चढवलं आणि गुलाबजामला करतात तसा पाक करून, गार करून, उंबऱ्यावरून बाहेर सरकवला. अंडं पाकात बुडेना, तरंगायला लागलं. "वर बशी ठेव," आतून आवाज आला. "गुलाबजामवर ठेवतात तशी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंडं सुरकुतून माझ्यासारखं दिसायला लागलं. ४९ ग्रॅम. नातीनं पुन्हा ते साध्या पाण्यात सोडलं. सकाळी शाळेत न्यायचं होतं ते टम्म फुगलेलं.

रात्री झोपताना सोप्यात मांजराचा आवाज आला. मी उठेपर्यंत माजघरातला दिवा लागला होता. सौभाग्यवती कोनाड्यापाशी उभ्या होत्या, पदर हाताला गुंडाळलेला, आणि हातात अंड्याचा गिलास.

"मांजर फिरतंय," त्या म्हणाल्या. "पोरगीची चार दिवसांची मेहनत."

गिलास हलू नये म्हणून अगदी सावकाश चालत त्यांनी उंबरा ओलांडला, आणि तो आत, ओट्याच्या कडेला, मिठाच्या बरणीशेजारी नेऊन ठेवला.

"बघताय काय? दार लावा," त्या म्हणाल्या, "आणि बापूंना सांगू नका."